नानांच्या टलीथचा एक कोपरा

लग्न ठरल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मी आजोबांचीच टलीथ घेणार." टलीथ म्हणजे आम्हा बेने इस्राएल पुरुषांची प्रार्थनेची शाल. तिच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले दोरे असतात, ते सिसिथ. माणूस गेला की त्याला त्याच्या टलीथमध्ये गुंडाळतात आणि एका कोपऱ्याचे दोरे कापतात. माझ्या बाबांची रोजची टलीथ तशीच त्यांच्याबरोबर गेली. ही त्यांच्या लग्नातली मागे राहिली. गाठी शाबूत आहेत ना, हे खालापूरच्या नानांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, दाखवायला निघाले.

पुण्याहून जाणार असाल तर गाडी कर्जतला थांबते ना, ते आधी बघा. घाट उतरताना डब्यात गार वारा शिरतो. कर्जतला वडापाव खाऊनच खोपोलीची गाडी धरा. ती चुकली तर पुढची लवकर येत नाही. खोपोलीहून शेअर रिक्षा मिळते, भरेपर्यंत सुटत नाही एवढंच. दोन्ही बाजूंना भातकापणी झालेली शेतं, मध्येच कारखान्याच्या भिंती.

नाना दारातच होते. मी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा त्यांनी आधी डबा उघडून हुंगला. मी डोक्यावर पदर घेतला, त्यांनी हात ठेवून आशीर्वाद दिला. कॉन्व्हेंट शाळेच्या चॅपलमध्ये मी डोक्याला रुमाल बांधायचे तेव्हा आई हसायची, "देवासमोर डोकं झाकायला तुला नन्सनी शिकवलं होय!"

टलीथला डांबरगोळ्यांचा वास येत होता. नानांचा स्वयंपाक करणाऱ्या कमळने ती अंगणातल्या दोरीवर घातली. चहा पिऊन मी बाहेर आले तर तिच्या हातात कात्री.

"दोरं लोंबत व्हते ताई. कापले. आता कशी साफ दिसतेय!"

मी ओरडलेच. एका कोपऱ्याचे दोरे गेले होते. दफनभूमीत बाबांच्या टलीथचे माझ्या भावाने कापले होते, अगदी तसे. कमळला कारण सांगितलं तशी तिने कात्री खाली टाकली.

"म्हंजी मी मुडद्याची करून ठेवली? नवऱ्या मुलाची शाल?"

"गप गं," नाना म्हणाले. "कपाटातली माझी टलीथ आण."

त्यांनी स्वतःच्या टलीथच्या एका कोपऱ्याचे सिसिथ सोडवायला घेतले. कमळने बाबांच्या टलीथचा कोपरा ताणून धरला. नाना पुटपुटत वेढे घेत होते, चुकले की पुन्हा सोडत होते.

"नाना, मग तुमच्या टलीथचं काय?"

"एक कोपरा तुम्ही कापणारच आहात की कधीतरी. तुमचं काम वाचवलं."

"आसं वंगाळ बोलू नका, सांगून ठेवते," कमळ रडत रडत डाफरली.

जेवायला तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. नानांना दोन भाकऱ्या संपवायला लावल्या.

घरी परतले त्या संध्याकाळी मुलाने टलीथ खांद्यावर घेतली. तीन कोपऱ्यांचे दोरे पिवळट, चौथ्याचे जरा पांढरे. त्याने तोच कोपरा धरला आणि विचारलं, "नानांचा हाच ना?" मी हो म्हटलं. नानांच्या रिकाम्या कोपऱ्यासाठी मी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये नवे दोरे सांगितले. लग्नात ते चार कोपऱ्यांच्या टलीथमध्येच उभे राहायला हवेत.

काल कमळचा फोन आला.

"ताई, दोरं कवा धाडताय? नाना म्हणत्यात घाई नाय. मी म्हणते, हाय!"