तिरामिसूचं श्रीखंड

“मी ते बिघडवलं न्हाय, सुधारलंय,” असं मी तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा माझ्या नातीनं हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि ती फरशीवरच बसली.

“आज्जी, तू त्यात जायफळ घातलंस.”

“मग? वास नको व्हय त्याला?”

“केशर पण घातलंस.”

“पाव्हण्यांचं गोड हाय. पांढरंफटक कसं द्यायचं?”

थांबा, आधी कशावरनं जुंपली होती ते ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. शेजारीण सांगते तेव्हा त्यात मी रडले असं घालते. मी रडले नव्हते. रडायची वेळ नातीची होती.

आमचं घर काटेवाडीत. चाळीस वर्षं मी म्हशी सांभाळल्या. शाळा पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती पशुखाद्याच्या पोत्यांवरची. त्यामुळं ‘सरकी पेंड’ मला ‘अ आ ई’च्या आधी लिहिता यायला लागलं. आज पेपर वाचते, वीजबिल वाचते, बिल चुकलं तर ऑफिसात जाऊन साहेबाला वाचून दाखवते. आणि दूध, दही, साय, लोणी या विषयात माझ्यासमोर कुणी बोलत नाही. बोललं तर मी बोलू देत नाही.

नात प्रणिता पुण्यात जाऊन केक वगैरे शिकून आली. बारामतीच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पहिली मोठी ऑर्डर दिली. रविवारी त्यांच्या सासऱ्यांचा वाढदिवस, चाळीस माणसं, आणि गोड काय, तर तिरामिसू. माझ्या लेकानं, म्हणजे तिच्या बापानं, तिला सांगून टाकलं होतं: ही ऑर्डर जमली तर इंदापूर रोडवरची आपली खोली तुझ्या दुकानाला, नाही जमली तर खतवाला भाड्यानं मागतोय, त्याला देतो. हे मी ज्या खोलीत बसून लिहितेय तिथं खताचा वास येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. म्हणजे तुम्ही पोरीची काळजी सोडून माझ्यावर मोकळेपणानं हसाल.

तर तिरामिसू. हे इटलीतलं गोड. बोटांएवढी लांबट बिस्किटं कोऱ्या कडू कॉफीत बुडवून ट्रेमध्ये मांडायची. वर मऊ पांढऱ्या चीजचा थर. परत बिस्किटं, परत चीज. सगळ्यावर कोकोची कडू पूड चाळायची आणि रातभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मी म्हटलं, बिस्किट बुडवून खायला आम्हाला इटलीनं शिकवायला नको.

आधी एकदा तिनं मला चवीपुरतं वाटीत करून दिलं होतं. खायची पण रीत असते म्हणाली. चमचा वरून थेट तळापर्यंत घालायचा, सगळे थर एका घासात आले पाहिजेत. आणि घास तोंडाशी नेताना श्वास आत ओढायचा नाही. आता श्वास कसा घ्यायचा हे मला या वयात कोण शिकवणार? ओढला. कोको सरळ घशात. मी जी खोकले, ती उरलेली पूड समोर बसलेल्या लेकाच्या पांढऱ्या शर्टावर. त्याच अवतारात तो इंदापूरला तहसीलला गेला. दुसरा चमचा मात्र मी गप घेतला. आधी कडू, मग गार मऊ, मग कॉफीत भिजलेलं बिस्किट. असं वाटलं की तोंड उघडूच नये. पण कबूल कोण करतंय? “बरं हाय,” म्हणाले आणि वाटी चाटून ठेवली.

शुक्रवारी तिनं ते चीज घरीच करायला घेतलं. विकतचं परवडत नव्हतं. घट्ट साय तापवली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यात लिंबू पिळलं! आमच्या घरात दूध नासलं तर दिवसभर कुणाला करमत नाही, आणि ही मुद्दाम नासवतेय. तरी मी बोलले नाही. हा माझ्या आयुष्यातला मोठा त्याग समजा. मग तिनं ते फडक्यात बांधलं, चाळणीवर ठेवलं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा तर चक्का! म्हणजे इटलीवाले श्रीखंडच करतात आणि लाजेनं नाव बदलतात.

शनिवारी सकाळी ती बिस्किटं आणायला बारामतीला गेली. फ्रिजवर चिठ्ठी होती: ‘हात लावू नये.’ मी वाचली. मला वाचता येतं. पण ती घरातल्या बाकीच्यांसाठी असणार, असं मी धरलं.

फडकं सोडलं, पिठीसाखर घातली, पुरणयंत्रातून दोनदा काढलं. वेलदोडा, जायफळ, दुधात भिजवलेलं केशर. काय रंग आला म्हणून सांगू! बाजूला बिस्किटांसाठी जग भरून कोरी कॉफी ठेवलेली होती, ती दूध-गूळ घालून उकळून पिऊन टाकली. छातीत धडधडायला लागलं. मला वाटलं, कामाचा हुरूप आहे.

नात बारामतीहून परत आली, तेव्हा त्या हुरुपातच मी तिच्याशी भांडत होते.

प्रणितानं सांगितलं की चीज निथळायला एक रात्र लागते आणि मांडलेलं मुरायला दुसरी. आता हातात एकच रात्र उरली होती. ओसरीवरून तिच्या बापानं विचारलं, खतवाल्याला हो म्हणू का. मी त्याला आतूनच गप केलं.

“हे बघ,” मी म्हणाले, “हेच पसर बिस्किटांवर. वर ती कडू पूड जाड मार. चमचा आत गेल्याशिवाय कळतंय कुणाला?”

“आज्जी, त्यांनी तिरामिसू सांगितलंय.”

“त्यांच्यातलं कोण गेलंय इटलीला?”

“डॉक्टरीणबाई जाऊन आल्यात.”

“आल्या असतील. जायफळ काय बाधत न्हाय कुणाला.”

पोरगी उठली. डोळे पुसले. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “डेअरीवर तू त्या बाईचा कॅन का उलटा केला होतास?”

ती गोष्ट मीच तिला शंभरदा सांगितलेली. दूध संकलनाच्या रांगेत एका बाईच्या कॅनमध्ये पाणी निघालं. मी सगळ्यांसमोर तो कॅन रस्त्यावर ओतला. ती बाई काय म्हणाली होती, हेही मी दर वेळी तिचा आवाज काढून सांगायची: “दोन तांबे पाणी, काय बाधत न्हाय कुणाला.”

मी पातेल्याकडं बघितलं. पिवळंधमक, तुकतुकीत. तांबे नव्हते, एवढाच फरक.

“फोन लाव डॉक्टरीणबाईला,” मी म्हणाले.

“मी बोलते त्यांच्याशी. तू नको.”

“लाव, आणि माझ्याकडं दे.”

रिंग गेली. पलीकडून बाईंनी कोण बोलतंय म्हणून विचारलं. नात माझ्याकडं बघत होती. लेक दारात येऊन उभा राहिला होता. मी पदर नीट केला.

“नमस्कार बाई. भेसळवाली बोलतीय.”