हरेश्वरच्या लॉरीचं भोक

हरेश्वर वेसाव्याचा कोळी, पण त्याला बोट लागायची. होडीत बसला की ओकायचा. म्हणून तो काठावर राहून होड्या बांधायचा, आणि डोलकाठीवर चढायची सवय असल्याने आमच्या अंधेरीच्या बंगल्यांतली झाडंही छाटायचा. छाटलेल्या फांद्या मात्र फाटकापाशी तशाच टाकून जायचा. त्यावरून माझी आणि त्याची दर उन्हाळ्यात जुंपायची.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या एप्रिलात त्याने लष्कराची एक मोडकी लॉरी आणून माझ्या आवारात उभी केली. कोळीवाड्याच्या गल्लीत ती शिरेना.

"हिच्यावर तबेल्यातली कडबाकुट्टी बसवतो," तो म्हणाला. "फांद्या तितंच बारीक करायच्या, चुरा मागच्या पेटीत. मग तुमी कटकट करनार नाय."

कल्पना चांगली होती. पण पेटी आकार घेऊ लागली तसा माझा गोंधळ वाढत गेला. पुढे निमुळती, कडा बाकदार, फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ.

"ही लॉरी आहे की होडी?" मी विचारलं.

"लॉरीच. हे काय, चाकं हायत ना!"

त्याची बायको सगुणा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाय, त्याला इचारू नका. त्यालाच कललं नाय अजून."

पासिंगची तारीख मिळाली सव्वीस मे. ती चुकली असती तर पुढची थेट जुलैत, आणि छाटणीचा सगळा हंगाम पावसाआधीचा. लॉरीसाठी त्याने होड्यांची कामंही सोडलेली.

सव्वीस तारखेला सकाळी बाहेर येऊन बघते तर लॉरी मागून बसलेली, टायर चपटे, आणि पेटी काठोकाठ पाण्याने भरलेली! नवी होडी पाण्याने भरून ठेवतात, फळ्या फुगून फटी मिटतात. पठ्ठ्याने आदल्या दिवशी माझ्या विहिरीचा पंप लावून तेच केलं होतं.

"एक थेंब गलला नाय," तो खुशीत म्हणाला.

"अरे, पण पाल्याच्या पेटीतून थेंब कशाला गळायला हवा?"

"पानी आत येवाचं नाय म्हनून."

"कुठून येणार? खाली रस्ता आहे! वरून तर उघडीच आहे!"

तो पेटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा पेटीकडे.

लॉरी जागची हलेना. बादल्यांनी उपसायला दुपार झाली असती. मी त्याच्याच हत्यारांतून गिरमिट काढून त्याच्या हातात दिलं. "बुडाला भोक पाड. पावसातही लागेलच."

तो लॉरीखाली शिरला, गिरमिट टेकवलं आणि थांबला.

"काय झालं रे?"

"बाय, तीस वरसं भोकं बुजवली मी. पारलं नाय कंदी. मना नाय जमत. तुमी पारा."

मी पदर खोचला आणि खाली शिरले. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन हे दिवस! भोक पडलं तशी धार माझ्याच तोंडावर आली. हरेश्वरने डोळे गच्च मिटले होते.

पाणी उतरल्यावर मीही त्याच्याबरोबर गेले. पासिंगच्या साहेबाने लॉरीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोकं खाजवलं आणि विचारलं, "हे भोक कशाला?"

"ते या बायला इचारा," हरेश्वर म्हणाला.

मी सांगितलं. शिक्का मिळाला.

पुढे कैक वर्षं ती लॉरी अंधेरी-जोगेश्वरीत फिरली. भोकात मात्र कायम चिंधी खोचलेली. दिसली की मी उपटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.