चंद्रावरचा प्रोफेसर आणि अमीनसाहेब

एका विज्ञानकथेचा शेवट माझ्या सासूबाईंनी मेथ्या घालून कुटला.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. आम्ही मुरूमला. आमचे हे दुकानाच्या मालासाठी सरहद्दीपलीकडं सोलापूरला जात आणि येताना कापडाच्या गठ्ठ्यात लपवून माझ्यासाठी एक मासिक आणत. (त्यापेक्षा दागिना माग, असं ते दर खेपेला म्हणत.) बाहेरचा छापील कागद नाक्यावर सापडला की जप्त, आणि माणूस चावडीवर! पण मी तरी काय करू? त्या मासिकातला एक प्रोफेसर यंत्रात बसून चंद्रावर गेला होता आणि तीन वर्षं झाली तरी तिथंच अडकून पडला होता. त्याच्या काळजीनं मी वाळले होते.

आणि एकदा तो अंक आला. वर ठळक अक्षरात छापलेलं, ‘शेवटचा भाग’! प्रोफेसर परततो की नाही ते कळल्याशिवाय घास उतरेना, आणि वाचलं की सगळं संपणार म्हणून पान उलटवेना! दोन दिवस मी फडताळ उघडून नुसती त्या अंकाकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आडावरून पाणी घेऊन आले, तर शेजारच्या गंगव्वा दारात.

"अगं, पोलिसांचे अमीनसाब झडत्या घ्यायलेत! घरात कागद न्हाय न्हवं?"

मी घागर तिथंच ठेवून आत धावले. फडताळ रिकामं! परसात सासूबाई दणादण मुसळ चालवत होत्या. झडतीची बातमी त्यांना माझ्या आधी लागली होती. रद्दी भिजवायची, मेथ्या घालून कुटायची आणि त्या लगद्याच्या टोपल्या थापायच्या, ही आमच्याकडच्या बायकांची रीत. त्यांनी घरातला एकूण एक कागद कढत पाण्यात बुडवून उखळात लोटला होता.

"आत्याबाई, माझं मासिक?"

"त्येच कुटायलेय. बघत काय हुबारलीस? घे मुसळ!"

मी मुसळ घेतलं. ज्याच्यासाठी तीन वर्षं जीव टांगणीला लागला होता, त्याला मीच कुटू लागले!

तेवढ्यात अमीनसाहेब परसात आले. मागं दोन शिपाई. त्यांनी काठीनं लगदा ढवळला.

"ये क्या है?"

"टोपल्याचा लगदा हाय, सायेब," आत्याबाई म्हणाल्या.

अमीनसाहेब माझ्याकडं वळले. "सोलापूर का मासिक तुम्हारे घर आता. सच बोलो."

हे दुकानात बसलेले. आता ह्यांना धरून नेणार, आणि तेही माझ्या वाचनापायी!

अमीनसाहेबांनी आवाज खाली आणला. "नाके पे जो अंक पकडे, मुन्शी मेरेकू पढ के सुनाता. आखरी हिस्सा हात नै लगा. वो चांदवाला प्रोफेसर वापस आया के नै?"

"नाही आला," मी बोलून गेले. (मनातलंच बाहेर पडलं. तो परतलाच नाही, तर गोष्ट कुठं संपते?)

अमीनसाहेबांचा चेहरा पडला. मागचे शिपाईसुद्धा हळहळले. "नै आया? अरे, उसकी बुड्ढी माँ राह देखती ना!" आणि त्यांनी काठी अशी आपटली, की लगद्याचा गोळा माझ्या पदरावर उडाला.

"आला, आला!" मी घाईनं म्हणाले. "जरा उशीर झाला. आईला भेटला. आता तो कुठंच जाणार नाही!"

"कसम?"

"महादेवाची शपथ!"

"शुक्र है," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि एकही पेटी न उघडता निघून गेले.

ते गेले आणि मी उखळाशी बसून हमसून हमसून रडले. आत्याबाई घाबरल्या.

"कोन मेलं गं त्या गोष्टीत?"

"कुणी नाही. परत आला तो."

"मंग रडायलीस कशाला?"

काय सांगणार कप्पाळ! तीन वर्षं ती गोष्ट संपू नये म्हणून महादेवाला साकडं घालत होते, आणि काठीच्या एका दणक्यासरशी त्याच महादेवाची शपथ घेऊन मीच ती संपवून टाकली होती!