दोन दिवसांची खुर्ची

हे टिपण मी एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतले. प्रश्न असा: अध्यक्षपदाला उभे राहणाऱ्या माणसाने जोडीला कोणाला घ्यावे? मते आणील त्याला, की आपण नसताना जागा सांभाळील त्याला? ज्याला दोन्ही गुण एकाच माणसात सापडतील, त्याने पुढे वाचण्याची गरज नाही. आम्हांला ते सापडले नव्हते.

आधी नियम सांगतो, कारण तो पुष्कळांना माहीत नसतो. दूरच्या काही देशांत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची नावे जोडीने मतदारांपुढे येतात. आपल्या नगर परिषदेत तसे नाही. नगराध्यक्ष थेट जनता निवडते. उपाध्यक्ष मात्र निवडून आलेले नगरसेवक आपल्यांतून निवडतात. म्हणजे प्रचाराच्या काळात उपाध्यक्षाचे नाव जाहीर करण्याला कायद्याने काहीही किंमत नसते. तरीही आमच्या तालुक्याच्या गावात मागच्या निवडणुकीत ते जाहीर करावे लागले. त्याला कारण होते.

आमच्या आघाडीच्या उमेदवार माझ्या शेजारीण होत्या. ग्रामीण रुग्णालयात त्यांनी परिचारिका म्हणून पूर्ण नोकरी केली. निवृत्त झाल्या तरी सारे गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणते. त्यांच्या यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावे लागते. ही गोष्ट त्यांनी पहिल्याच सभेत स्वतःहून सांगितली: "मंगळवारी आन शुक्रवारी मी गावात राहत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, मंग म्हणू नका."

विरोधकांना आयते सापडले. त्यांच्या रिक्षाचा भोंगा दुसऱ्या दिवसापासून ओरडू लागला, "पाच दिवसांची अध्यक्ष पाहिजे, की सात दिवसांची?" आठवडी बाजारात भाजीवाल्या बायासुद्धा विचारू लागल्या, "बाई यवतमाळले गेल्यावर आमी कोनाले भेटाचं?" प्रश्न खोचक असला तरी रास्त होता. त्याचे उत्तर एका नावानेच देता येणार होते. ते नाव चुकले असते तर निवडणूक गेली असती. आणि निवडणूक जिंकूनही नाव चुकलेले निघाले असते, तर दर आठवड्याला दोन दिवस गावाला त्याचे परिणाम भोगावे लागले असते.

एका संध्याकाळी सिस्टरबाई माझ्या ओट्यावर आल्या. "सर, पेपर तपासता तसं तपासून द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात काय आहे ते सांगत नाही. नाही तं तुमी तेच लिहान."

मी चौकटीचा कागद घेतला. दोन नावे चर्चेत होती; दोघेही नगरसेवकपदाचे उमेदवार. पहिले एका वकिलांचे. त्यांचे शेतकरी घराणे मोठे, आजूबाजूच्या खेड्यांत कापूस-सोयाबीनची शेती, गावातल्या तीन प्रभागांत नातीगोती. बोलणे असे की ऐकणारा चहा प्यायचे विसरे. दुसरे नाव बसस्टँडमागच्या मोटार-मिस्त्रींचे. ते पाण्याच्या मोटारी, थ्रेशर, दुचाक्या सारेच दुरुस्त करतात. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायांनीच त्यांना प्रभागातून उभे केले होते. काम झाले की ते बोलणे थांबवतात, आणि काम चालू असताना तर बोलतच नाहीत.

मी पाच रकाने आखले: मते, भाषण, कार्यालयाची माहिती, वेळ आणि वजन. दोघांना प्रामाणिकपणे गुण दिले. वकील फार पुढे निघाले. बेरीज दोनदा केली. कागद सिस्टरबाईंना दिला, तेव्हा त्यांनी तो नीट वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. "बेरीज बरोबर आहे सर," एवढेच म्हणाल्या. शिक्षकाला हे वाक्य कशाची सूचना असते ते कळायला हवे होते. मला कळले नाही.

तीन दिवसांनी समाजमंदिरात आघाडीची बैठक झाली. जाहीरनाम्याचा छापायचा मजकूर आला होता. वरच्याच ओळीत ठळक अक्षरांत "रोज नळ" असे होते. आमच्या गावाला त्या वेळी पाचव्या दिवशी नळ येत होता, त्यामुळे त्या ओळीवर टाळ्या पडल्या. मिस्त्री मागच्या रांगेत बसले होते. ते उठून पुढे आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी टेबलावर ठेवली.

"बाई, रोज नाही होत," ते म्हणाले. "झूठ कायले छापता?"

एक कार्यकर्ता उसळला. "मिस्त्री, ऐन टायमाले काहून अपशकुन करून राह्यले? तुमी आपल्या पार्टीचे हाये का तिकडचे?"

"मी मोटारीचा हाये," मिस्त्री म्हणाले.

लोक हसले. मिस्त्रींनी त्यांना हसू दिले आणि पुडी उघडली. आत पंपाच्या पोटातला पितळी पंखा होता. त्याच्या पात्यांच्या कडा झिजून पातळ झालेल्या होत्या. हा पंखा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपातून त्यांनी मागच्या महिन्यात काढला होता. "दोन पंपाची जागा हाये. एक चालू, एक बंद. चालू हाये तो असा झिजते. दुसरा बसला, तं एक दिवसाआड नळ देता येईन. रोज नाही. टाकीच तेवढी नाही."

वकील साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिस्त्री, छापू द्या हो. निवडून तर येऊ. लोकांनाही माहीत असतं की जाहीरनामा म्हणजे थोडं वाढवून सांगणंच असतं."

"साहेब, थोडं वाढवून मोटार घट्ट केली तं बोल्ट तुटते," मिस्त्री म्हणाले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात परत देणे ही या मिस्त्रींची पद्धत आहे. माझ्या स्कूटरचे काम केले की ते कागदाची पुडी पुढे करत आणि म्हणत, "पाहून घ्या गुरुजी, हे खराब झालतं." मी मान डोलवून ती घेत असे आणि घरी येताना न उघडताच वाटेत टाकून देत असे. किती पुड्या टाकल्या असतील सांगता येत नाही. आयुष्यभर मुलांना "पडताळा घ्या" असे सांगणाऱ्या माणसाने त्यांतली एकही उघडून पाहिली नव्हती.

सिस्टरबाईंनी पंखा हातात घेतला आणि नखाने कड पाहिली. "तुमी स्वतः काढला?"

"हो बाई. पंपघर पाह्यचं असंन तं चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई आणि मिस्त्री यांच्यासोबत मी पंपघरावर गेलो. वकील साहेबही आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. बंद पंपावर धुळीचा थर होता आणि त्याच्या जोडावर कोळ्याने जाळे विणले होते. सिस्टरबाईंनी चौकीदाराला विचारले, टाकी भरायला किती वेळ लागतो, वीज कधी जाते, किती प्रभागांना एकाच वेळी पाणी सोडता येते. उत्तरे त्या रुग्णाच्या तक्त्यासारखी लिहून घेत होत्या. परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, तुमच्या कागदात एक रकाना कमी आहे."

"कोणता?"

"मी चुकले तं मले तोंडावर कोण सांगन?"

मी दोन्ही उमेदवारांची मते मोजली होती. ज्यांच्यासाठी त्यांना निवडायचे होते त्या बाईंना काय हवे, हे विचारलेच नव्हते.

जाहीरनाम्यात "एक दिवसाआड नळ, दुसरा पंप बसल्यावर" असे छापले गेले. नाव जाहीर करण्याआधी मात्र सिस्टरबाई एकट्या वकिलांच्या घरी गेल्या. नंतर वकिलांनीच मला तो प्रसंग सांगितला, म्हणून लिहू शकतो.

वकील म्हणाले होते, "बाई, तीन प्रभाग माझे आहेत. मी घरी बसलो तर?"

"तं मी पडन," त्या म्हणाल्या.

"आणि तरीही?"

"भाऊ, मी घरात नसते तेव्हा आमच्या यांच्या गोळ्या जो देते, तो गोड बोलणारा नको वाटते मले. चुकला तं चुकलो म्हणणारा पाहिजे. तुमी लोकाले खूश ठेवता, ते मोठं काम आहे. ते मी हजर असताना करा. मी नसताना मले हा माणूस पाहिजे."

"हे तुम्ही फोनवर सांगू शकत होतात."

"नाही म्हणाचं असलं तं घरी येऊन म्हणावं."

वकिलांनी त्यांना चहा दिला, पण शब्द दिला नाही.

पुढचे पंधरा दिवस आमची रिक्षा सिस्टरबाई आणि मिस्त्री अशी दोन नावे घेत फिरली. लोकांनी थट्टा केली. "आता नगर परिषदेत टायर-ट्यूबही भेटन," असे एक किराणा दुकानदार माझ्या तोंडावर म्हणाला. पण बाजारातल्या बायांचा प्रश्न थांबला. मंगळवारी-शुक्रवारी कोणाला भेटायचे ते त्यांना कळले होते, आणि तो माणूस कोठे सापडतो तेही माहीत होते.

सिस्टरबाई निवडून आल्या. मिस्त्री आपल्या प्रभागातून आले, वकीलही आले. परंतु सभागृहात आमच्या आघाडीचे बहुमत अगदी काठावरचे होते. एक हात कमी पडला असता तर रिक्षावरून दिलेला शब्द तेथेच संपला असता. उपाध्यक्ष निवडीची सभा मी प्रेक्षकांच्या बाकावरून पाहिली. मिस्त्रींचे नाव पुकारले गेले. हात वर झाले. साऱ्यांची नजर वकिलांकडे गेली. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि मग हात वर केला.

बाहेर आल्यावर मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "सर, राजकारणात मला पुष्कळांनी कापलं. घरी येऊन, समोर बसून, कारण सांगून कापणारी ही पहिलीच बाई." मग हसले. "आणि मिस्त्रीनं उद्या माझी चूक काढली, तर तेव्हा काही मी असा हात वर करणार नाही!"

आता त्या दोन दिवसांविषयी. मागच्या शुक्रवारी मी मुद्दाम नगर परिषदेत गेलो. मिस्त्री अध्यक्षांच्या खुर्चीत बसत नाहीत. शेजारी लाकडी खुर्ची ठेवून बसतात. एक गृहस्थ नाली तुंबल्याची तक्रार घेऊन आले होते. मिस्त्री म्हणाले, "परवा माणूस पाठवतो म्हनलतो, विसरलो. माझी चूक हाये. आत्ता चला." आणि उठून त्यांच्यासोबत गेले. त्या गृहस्थांना भांडण करायचे होते. ते अर्ध्यातच राहिले.

खिडकीत तो झिजलेला पितळी पंखा ठेवलेला आहे. दुसरा पंप बसला आहे. नळ आता दोन दिवसांआड येतो. एक दिवसाआड अजून येत नाही, आणि हे मिस्त्री विचारणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगतात.

माझा तक्ता मी टाकलेला नाही. त्यात सहावा रकाना आखून ठेवला आहे. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात आहे: मते मोजावीत, पण जोडीदार निवडताना आपली चूक आपल्याला तोंडावर दाखवणारा माणूस पाहावा. परंतु हा एकाच गावाचा, एकाच निवडणुकीचा अनुभव आहे आणि त्यात मी एकदा चुकलेलो आहे. म्हणून वाचकांना विनंती की, माझ्या सांगण्यावर जाऊ नये. आपल्या गावात अध्यक्ष गावाबाहेर असतील त्या दिवशी कार्यालयात जावे, त्यांच्या जागी कोण बसले आहे आणि ते काय उत्तर देतात ते पाहावे, आणि माझे हे उत्तर स्वतः तपासून घ्यावे.