फक्कीच्या रेषेपाशी

मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत काल मुलांच्या शर्यतींसाठी फक्कीने रेषा मारत होते. तो कोरडा, चुनकट वास नाकात गेला आणि मला सुषमा आठवली.

तेव्हा मी शाळेत लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव घेत असे. अकरा मुलींत नववीतली सुषमा सर्वांत वेगवान. जिल्हा स्पर्धेआधीच्या तपासणीत डॉक्टरांना तिच्या हृदयाची झडप खराब आढळली. पळणं कायमचं बंद. हे तिला मैदानावर मीच सांगितलं.

"काहून सर? मले तर काहीच नाही होऊन राहिलं!"

मी गळ्यातलं वेळ मोजायचं घड्याळ काढून दोरी बोटांभोवती गुंडाळू लागलो. तिने हात पुढे केला. "मंग ते घड्याळ माह्याजवळ द्या. तुमच्यासमोर ह्या पोरी नुसत्या चालतात."

रेषेवर उभी राहून ती प्रत्येकीची वेळ ओरडून सांगू लागली. "पाय उचल वं, वरातीत चालली का?" पोरी हसल्या, मीही हसलो. पोरगी सावरली, असा हिशेब मी मनात मांडून टाकला.

आज मला तिचे पायच जास्त दिसतात. मुली जवळून पळत गेल्या की दर वेळी तिच्या टाचा आपोआप उचलल्या जात, आणि ती त्या सावकाश खाली टेकवी.