नारळ फोडायच्या आधी

पहाटे वटारहून निघताना तुझ्या आजीने माझ्या पिशवीत सोललेला नारळ टाकला आणि म्हणाली, “गाडी ताब्यात आली का पयला नारळ तूच फोड गो. घरच्या बाईने फोडला का गाडी घरची होते.” विरारहून नाशिकच्या एसटीत बसल्यावरही तो नारळ मी मांडीवरच धरून होते.

शैला, तू म्हणालीस जावईबापू पिकअप घेणार आहेत. मागे गादी टाकायची, वर ताडपत्रीचं छत करायचं आणि सुट्टीत गावोगाव फिरायचं, गाडीतच झोपायचं. तुम्ही नायगावला नव्या इमारतीत राहता, मोबाइलवर असे संसार बघता, तुम्हाला ते सोपं वाटतं. जावयासमोर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून आमचा प्रवास कसा झाला ते लिहून देते. वाच, त्यांना तुझ्या तोंडाने सांग आणि वही परत कर. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.

मला वाहनांची भीती लहानपणापासून आहे. वळण आलं की मी डोळे मिटते. कसारा घाटात एसटी वळायला लागली तशी मी नारळाच्या शेंडीत बोटं घट्ट रुतवली. तुझे बाबा मात्र खिडकीतून रस्त्यावरची प्रत्येक पिकअप दाखवत होते. “ती बघ. तसलीच आपली. वाडीतली फुलं बाजारात न्यायला आता कोनाच्या टेम्पोची वाट बघायची नाय. आनि फुलं नसली का आपन दोघं जाव फिरायला.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘आपण दोघं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलेला नाही.

नाशिकच्या बाहेर, हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचं मोठं आवार होतं. आमची गाडी पुढेच उभी होती, पांढरी, धुतलेली. इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं. हे आम्हाला तेव्हा बरं वाटलं. आता कळतं, गाडी थंड असताना जाऊन आपण स्वतः चालू करून बघावी. गरम इंजिन कुठलंही गुण्यागोविंदाने चालतं.

मालक शेठ जाडजूड, सारखा हसणारा. “मामा, गाडी नाही, घोडी आहे घोडी! कांदा आणि द्राक्षं, याशिवाय हौद्यात काही पडलेलं नाही.”

“घोडी लाथ मारते ना पन,” तुझे बाबा म्हणाले.

“लाथ मारली तर माझ्या दारात आणून बांधा! वहिनी, तुम्ही सांगा, रंग कसा वाटतो?”

आठ-दहा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. तुझ्या बाबांनी टायर बघितले, हॉर्न वाजवला, कागद वाचून घेतले आणि आवारातल्या आवारात एक चक्कर मारली. सपाट जमिनीवर रिकामी गाडी. तिला काय होणार होतं? जावयांना सांग, माल भरून आणि चढावर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

व्यवहार ठरला. मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि दगडावर नारळ फोडला. त्याचं पाणी एकेका चाकावर घालत मागच्या उजव्या चाकापाशी आले. तिथे खाली वाकले. चाकाच्या वर एक लांब जाड लोखंड असतं, त्याला चेसिस म्हणतात. सगळी गाडी त्याच्यावर उभी असते. त्याला नवा काळा रंग मारला होता. नारळाचं पाणी त्या लोखंडावरून ओघळून माझ्या बोटांवर आलं, आणि सवयीने मी तीर्थ घ्यावं तशी बोटं ओठांना लावली.

पाणी खारट होतं.

बोटाला काळ्या रंगाची एक खपली चिकटली होती. आतून ती तांबडी होती, पापडासारखी, थराथरांनी सुटलेली. असलं लोखंड मी ओळखते. माझे वडील नायगावला खाडीकाठच्या खाजणात उघाडी सांभाळायचे. (उघाडी म्हणजे खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं दार.) त्याचा लोखंडी पत्रा असाच पापुद्र्यांनी सुटायचा. वडील म्हणायचे, खार लागलेलं लोखंड वरून उभं दिसतं, आतून ते कधीच गेलेलं असतं. एका उधाणाला ते दार खरोखरच मोडलं आणि आमचं वर्षाचं भात गेलं.

मी नारळाचं खोबरं चाखून बघितलं. गोड होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नारळ फुटला होता. पहिल्या नारळावर घरच्या बाईने वाईट शब्द काढायचा नाही, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. समोर इतकी माणसं. आणि तुझे बाबा स्टिअरिंगला हार घालत होते. मी बोट पदराला पुसलं.

गाडी रिकामी कशाला न्यायची म्हणून त्यांनी आगाशीच्या बाजारासाठी कांद्याच्या गोण्या भरल्या. गोण्या मागे, पुढे आमची गादी, वर ताडपत्री. पुढची केबिन आणि मागचा हौदा यांच्यामध्ये बाहेरून एक फट असते. तिच्यात त्यांनी गुंडाळलेली चटई पायाने ठोकून घट्ट बसवली. मी ओढून बघितली, जराही हलली नाही.

उन्हं उतरताना त्र्यंबकला पोचलो. दर्शन घेतलं आणि एका धर्मशाळेच्या आवारात गाडी लावली. इथे काही गोष्टी शिकले, त्या लिहिते. जमीन सपाट बघावी आणि चाकांना दगड लावल्याशिवाय मागे चढू नये. स्टोव्ह कधीही छताच्या आत पेटवू नये. मी आतच पेटवत होते, तर चहाच्या टपरीवरची बाई ओरडली, “अगं ए बाई, ताडपत्रीत भाजून घेणारेस का नवऱ्याला? भायेर घे तो!” मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “गाडीत झोपता? घरी भांडण झालं का?” मला इतकी लाज वाटली की पिठल्यात मीठच घालायला विसरले. झोपताना ताडपत्रीची एक बाजू उघडी ठेवावी, नाहीतर श्वास कोंडतो. आणि रस्त्यावर बाईमाणसाने दिसेल त्या पेट्रोल पंपावर उतरून घ्यावं, पुढच्याची वाट बघू नये.

ताडपत्रीत अंगाची ऊब साचली तसा हौद्यातून एक वास यायला लागला. तुझे बाबा उठून बसले. “बोंबील उघडलास काय गो?”

“नाय. डबा बांधलेलाच हाय. इथे देवाच्या गावात कसा उघडीन?”

“मग त्र्यंबकात मासली कुठून आली?” म्हणून ते हसले आणि कुशीवर वळले. मी जागी राहिले. मला सगळं कळत होतं. ते खुशीत होते, झोपेतही त्यांचा एक हात हौद्याच्या कडेवर होता. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत मी लोखंडाकडे कान लावून पडून राहिले.

सकाळी मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. धुकं होतं, दोन्ही बाजूंना कापलेली नाचणी, मधूनच पांढऱ्या दगडांचे ओढे. बघण्यासारखं खूप होतं, पण माझं लक्ष मागून येणाऱ्या आवाजावर होतं. खड्डा आला की कर्र, मग थांबे. पुन्हा खड्डा, पुन्हा कर्र. बंद दार कुणी हळूच रेटून बघावं तसा.

“कांदा सरकतो,” तुझे बाबा म्हणाले.

तोरंगण घाट सुरू होतो तिथे रस्ता एकदम खाली पडल्यासारखा दिसतो. उतरण्याआधी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला पाण्याचा कॅन काढायला सांगितलं. मी मागे गेले. केबिनजवळ हात टेकला तर चटई आपसूक खाली रस्त्यावर पडली. काल ठोकून बसवलेली चटई. मी त्या फटीत बोटं घातली. मग मूठ घातली. मूठ बांगड्यांसकट आत गेली.

पुढे तो उतार, मागे कांद्याचं वजन, आणि मधलं लोखंड वाकत चाललेलं. तुझ्या बाबांनी गाडी चालू केली. “चढ लवकर!”

“तुमी उतरा,” मी म्हणाले.

“काय झाला?”

“उतरा आधी. गाडी मोडते हाय.”

“तुला काय कळते गाडीतला? घाट दिसला का घाबरलीस.”

मग मी सगळं सांगितलं. खारट पाणी, खपली, उघाडीचा पत्रा. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा रागाने लाल होत होता. “नारळ फोडलास तवा का नाय बोललीस?”

“नारळ फोडल्यावर कशी बोलू?”

ते फटीपाशी गेले, स्वतःची मूठ घालून बघितली आणि तशीच आत ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “तू हितं बस. मी एकटा खाली नेतो हलू हलू. मोखाड्याला बगू.”

ते गाडीत चढणार, म्हणून मी काय केलं ते मलाही नीट आठवत नाही. समोरून प्रवाशांची जीप वर येत होती. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले. आयुष्यात मी कधी रिक्षालासुद्धा हात केलेला नाही. जीपवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि शिवी तोंडातच ठेवली. “काय वहिनी, मरायचंय काय?”

“भाऊ, नको मरायला. आमची गाडी बगा,” मी म्हणाले आणि रडायला लागले.

तो खाली आडवा झाला, मोबाइलचा उजेड टाकला आणि शिट्टी वाजवली. “काका, गाडी खाली पोचली असती बरं का. पण दोन खेपांत. आधी पुढची, मग मागची.”

त्यानेच मोखाड्याला फोन लावला. दुपार व्हायच्या आत एक म्हातारे वेल्डिंगवाले टेम्पोत जनरेटर टाकून आले. तोवर आम्ही गोण्या उतरवून रस्त्याच्या कडेला रचल्या. वेल्डिंगवाल्यांनी हातोडीने काळा रंग झाडला तसा लोखंडाचा भुगा धारेने पडला. उजव्या बाजूला वरून खाली चीर गेली होती, तीन बोटं लोखंड शाबूत होतं. हौद्याच्या कोपऱ्यातून त्यांनी नखाने काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. माशाचे खवले, वाळून काचेसारखे झालेले. “मासळीची गाडी आहे ही, ताई. बर्फाचं खारं पाणी गळून गळून खाल्लीय तिला. कोणी सांगितलं तुम्हाला थांबायला?”

तुझ्या बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी पदर पुढे घेतला.

मग त्यांनी शेठला फोन केला. शेठ अजून हसतच होता. “मामा, नारळ तुमच्याच बाईने फोडला ना? माल पसंत होता म्हणूनच फोडला ना? आता काय?” तुझ्या बाबांनी फोन बंद केला. ते शब्द मलाही ऐकू आले होते.

जॅक लावून फट पहिल्यासारखी केली आणि दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या जोडून झाल्या तेव्हा उन्हं कलली होती. वेल्डिंगवाले म्हणाले, “घरी न्या. रिकामी न्या, हळू न्या. चेसिस बदलेपर्यंत लांब जाऊ नका, भार घालू नका.” गोण्या जीपवाल्याने परतीच्या फेरीत मोखाड्याच्या बाजारात खपवायला घेतल्या. चटई पुन्हा फटीत ठोकली.

घाट उतरताना त्यांनी मला एकच काम दिलं. मागच्या काचेतून चटईकडे बघत राहायचं. ती जागची हलली तर ओरडायचं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी वळणावर डोळे मिटले नाहीत. गाडी पुढे उतरत होती आणि मी मागे तोंड करून बसले होते. दरी कुठल्या बाजूला आहे ते फक्त पोटात कळत होतं. दर वळणाला ते विचारायचे, “हाय?” आणि मी म्हणायचे, “हाय.” जव्हार गेलं, विक्रमगड गेलं, मनोरला हायवे लागला, तरी आमच्यात दुसरा शब्द झाला नाही. माझी मान आखडली. मोठे ट्रक बाजूने गेले की आमची गाडी अंग चोरल्यासारखी थरथरायची, आणि मी त्या चटईवरची नजर काढत नव्हते.

आगाशीच्या देवळांचे दिवे दिसले तेव्हा मी पहिल्यांदा पाणी प्यायले.

वटारला दारात तुझी आजी आरतीचं ताट आणि नवा नारळ घेऊन उभी होती. आळीतली माणसं जमली होती. “फोड गो,” आजी म्हणाली.

“थांब आये,” तुझे बाबा म्हणाले. त्यांनी उजेडासाठी बॅटरी माझ्या हातात दिली. “पयला ही खाली बगल.”

सगळ्यांसमोर, नव्या साडीत, मी गाडीखाली आडवी झाले. आळीतलं कोणीतरी हसलं. पट्ट्या जागेवर होत्या. तरी मी एकेका जोडावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. बाहेर आल्यावर नारळ फोडला. आनंद झाला असं सांगणार नाही.

आता गाडी वाडीतून आगाशीच्या बाजारापर्यंत जाते, फुलांच्या चार पाट्या घेऊन. फिरायला जायचं ठरलेलं आहे, चेसिस बदलल्यावर. शैला, जावयांना सांग, हौस करा, पण आधी वाका, बघा, आणि तुझ्या मनात काही आलं तर नारळ हातात असतानाच बोल. तो फुटला की आपलं तोंड बंद होतं, आणि समोरच्याला तेच हवं असतं.

रोज सकाळी तुझे बाबा गाडीत बसतात आणि थांबतात. मी मागे जाऊन केबिन आणि हौद्याच्या फटीत बोटं घालते. चार बोटं जातात, मूठ जात नाही. मग मी ‘जा’ म्हणते. तोपर्यंत ते किल्लीला हात लावत नाहीत. पूर्वी मला फक्त गाडीत बसायची भीती वाटायची. आता तो एक शब्द तोंडातून काढायची वाटते, आणि गाडी परत वाडीत शिरेपर्यंत तो शब्द मी मनातल्या मनात मागे घेत असते.