तलावाचं पाणी आणि अंगणातला नळ

मुलीचा विषमज्वर उतरला आणि डॉक्टरांनी तिला ताज्या माशाचं पातळ कालवण द्यायला सांगितलं. आम्ही मासे खाणारे, पण समुद्राचे. ह्यांची बदली कलकत्त्याला झाल्यापासून सियालदहच्या बाजारातले मासे मी तिरक्या नजरेने बघतच घेत आले. त्यात घरमालकीणबाई बोलून गेल्या, की हे मासे शहराच्या पूर्वेकडच्या तलावांतले, आणि त्या तलावांत शहराचं सांडपाणी सोडतात. झालं! पोरीचं दुखणं कुठून आलं ते मला कळलं.

"कालवण मुळीच मिळायचं नाही," मी बजावलं. पोर नुसती काडी झाली होती. ताप पुन्हा उलटला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे वैतागले. "अगं, एकदा डोळ्यांनी बघून तरी ये."

रविवारी दोघं गेलो. तलावाच्या एका टोकाला काळंकुट्ट पाणी आत येत होतं. मी नाकाला पदर लावला. हे पाणी उथळ तलावात कितीतरी दिवस उन्हात पडून राहतं, मगच त्यात मासे सोडतात, असं तिथल्या माणसाने सांगितलं. दुसऱ्या टोकाला खरंच वास नव्हता. पण वरवर काय, काहीही चांगलं दिसतं. मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिथलं पाणी भरून घेतलं.

आमच्या घरी दोन नळ. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा अंगणात, गंगेच्या न गाळलेल्या पाण्याचा, धुण्याभांड्यांसाठी. गावी गंगा म्हणजे देव्हाऱ्यातला लाख लावलेला गडू, मरतेवेळी तोंडात घालायला. इथे तीच दारात नळाने येते, याचं सासूबाईंना केवढं अप्रूप! पूजेला रोज तेच पाणी. दुसरी बाटली मी त्या नळाखाली धरली. म्हटलं, गंगेपुढे त्या डबक्याची काय मिजास, ह्यांना दाखवतेच.

सकाळी बघते तर तलावाचं पाणी हिरवट, पण आरपार दिसणारं. गंगेच्या बाटलीत तळाशी बोटभर गाळ, आणि वरही गढूळच.

आत घंटा वाजली. पोर अंथरुणातून उठून देव्हाऱ्यापाशी ओंजळ पुढे करून बसली होती, सासूबाई पळीने तीर्थ देत होत्या. मी धावत जाऊन तिचा हात झटकला. सासूबाई चिडल्या, तशी मी ती बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"ताप चढला की मी जास्तच देत होते गं," त्या म्हणाल्या.